फ्रीसलँडचा गोठा आणि आमची लेक

नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला फ्रीसलँड नावाचा प्रांत आहे. आपल्याकडे गावोगावी बांधलेल्या काळ्या-पांढऱ्या 'एचएफ' गायीच्या नावातला 'एफ' तो याच प्रांताचा. लेवार्डन हे इथले मुख्य शहर. स्टेशनपासून थोड्या अंतरावर गायीचा भला मोठा पुतळा उभा आहे. तो 1954 साली बसवला. लोक त्याला 'उस मेम' म्हणतात, म्हणजे 'आमची आई'. हे शब्द डच नव्हेत, फ्रिशियन आहेत. सरकारी कागद डचमध्ये आणि घरातली बोली फ्रिशियन. वर्गात उर्दू शिकवून बाजारात मराठीत भाजी घेणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटले नाही.

आमची मोठी लेक कृषी पदवीनंतर इथल्या एका शेतावर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आली. नात्यात कुजबुज सुरू झाली. "एवढे शिकवले ते पोरीने परमुलखात शेण काढावे म्हणून?" एक चांगले स्थळही याच बोलण्यावरून मागे फिरले. लेकीचे म्हणणे वेगळेच. परत आल्यावर आजीचा म्हशींचा गोठा आपण चालवणार. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, धारा काढून त्यांच्या बोटांचे सांधे सुजले आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून आम्ही उभयता तिला भेटायला गेलो. भेटीचे निमित्त होते, पण गोठा तिच्या हाती द्यायचा की नाही, हे आम्हाला तिथे जाऊन ठरवायचे होते.

पहिले तीन दिवस आम्हाला गायींजवळ फिरकूही दिले नाही. आपल्या देशात लाळ्या-खुरकुताचा रोग आहे आणि तो माणसाच्या कपड्या-बुटांवरून जाऊ शकतो. नेदरलँड्समध्ये 2001 साली ही साथ आली, तेव्हा अडीच लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती. तेव्हाची धास्ती अजून आहे. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणायलाही मनाई असल्याने लेकीसाठी केलेले पेढे घरीच राहिले.

चौथ्या दिवशी साडेपाचला आम्ही धारेला उभे राहिलो. मेच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, इशा मध्यरात्रीकडे सरकते आणि फजर तर लगेचच दाराशी असते. लेकीने झोपेचे दोन तुकडे करून घेतले होते. कपड्यांची आम्हाला काळजी होती, पण शिस्तीनेच ती सोडवली. गोठ्याचा अंगरखा नि रबरी बूट वेगळे, बाहेर येताना बूट ब्रशने घासायचे, अंगरखा दारातच काढायचा. नमाजेचे कपडे स्वच्छ राहात.

धार काढायची जागा म्हणजे एक लांब खड्डा. माणूस खाली उभा, गायी दोन्ही बाजूंना वर, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या. कास छातीच्या उंचीवर येते, उकिडवे बसावे लागत नाही. सासूबाईंचे गुडघे आम्हाला तिथेच आठवले.

आम्हाला वाटले होते, यंत्र लावले की काम झाले. पण सुरुवात हातानेच. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-चार धारा हाताने काढून पाहायच्या. गुठळी दिसली, पाणचट दिसले, तर दगडीची शंका घ्यायची. लहानपणापासून धारा काढत आलेल्या ह्यांनी सवयीने अंगठा मुडपला, तशी मालकीणबाईंनी मान हलवली. मुडपलेल्या अंगठ्याने सड आतून दुखावतो, सगळ्या मुठीने, वरून खाली एकेक बोट मिटत यायचे. आमची बोटे दुसऱ्या दिवशी चमचाही धरेनात.

मग सड कोरड्या फडक्याने पुसायचे आणि सुमारे मिनिटभर थांबायचे. हे मिनिट फार मोलाचे. स्पर्श झाला की मेंदूकडून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, ते कासेपर्यंत पोचते आणि दूध खाली येते. आपण त्याला पान्हा म्हणतो. यंत्र फक्त सुटलेले दूध ओढून घेते. गाय घाबरली, कोणी ओरडले, की पान्हा अडतो. म्हणून त्या खड्ड्यात कोणी आवाज चढवत नाही. वर्गातही हे करून पाहावे, असे वाटून गेले.

आपल्याकडे काही गोठ्यांत हेच ऑक्सिटोसिन सुईने टोचतात. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी अशी सुई टोचायला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे, तरीही टोचतात. लेक म्हणाली, "अम्मी, एका मिनिटाचा सब्र नाही म्हणून सुई!"

दुधाचा हिशोब तर विलक्षण चोख. प्रत्येक गायीचे दूध प्रत्येक वेळी तिच्या क्रमांकावर नोंदले जाते. औषध चालू असलेल्या गायीच्या पायाला रंगीत पट्टा, तिचे दूध वेगळे. टँकर आला की नमुना घेतल्याशिवाय दूध भरत नाही. कास फुगलेली दिसावी म्हणून जनावर न पिळता बाजारात उभे करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती, हे आपण वाचलेले असते. आपल्या गुरांच्या बाजारात ती युक्ती आजही चालते. तिथे वहीच बोलत असल्याने ती चालायला जागा नाही.

एक गोष्ट मात्र पटली नाही. वासरू जन्मल्या दिवशीच आईपासून दूर करतात आणि चीक बाटलीने पाजतात. वासरे गुटगुटीत होती, तक्रारीला जागा नव्हती, तरी रात्री ऐकू आलेले एका गायीचे हंबरणे आम्हाला झोपू देईना.

लेकीने यावर आधीच विचार केला होता. म्हशीचे जवळजवळ सगळे दूध वरच्या भागात असते, पान्ह्याशिवाय ते उतरतच नाही, तो सुटायलाही गायीपेक्षा वेळ लागतो आणि सडाचे तोंड घट्ट. रेडकू तोडले तर आपल्या म्हशी आटतील. म्हणून तिच्या वहीत यंत्र दुसऱ्या पानावर होते. पहिल्या पानावर फरशी, पाणी, सडे पुसायची फडकी आणि रेडकाचा वाटा.

रात्री व्हिडिओवर सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. नातेवाइकांचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हुजूर आपल्या शेळीचे दूध स्वतः काढत. त्यांना विचारा, लाज कशाची." मग लेकीला विचारले, "वेडीला कशी धरशील? ती अनोळखी हाताला लाथ मारते." वेडी ही त्यांची सगळ्यांत जुनी म्हैस. लेक म्हणाली, "दादी, पहिला महिना तुम्ही शेजारी बसा."

दिवाळीच्या सुट्टीत गोठ्याची फरशी घालायला घेऊ, इन्शाअल्लाह. गवंड्याशी बोलणे झाले आहे.