पाठीला लागलेली माती

कुस्तीत आता पूर्वीची गोडी राहिली नाही, असे म्हणणारा माणूस सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही भेटला नाही, तर आपण कोल्हापूर समजून चुकून मिरजेला उतरलो आहोत असे खुशाल समजावे. पावसापाण्याच्या चौकशीइतक्या सहजपणे आमच्याकडे हे वाक्य बोलले जाते. आमच्या वडिलांनी ते त्यांच्या वडिलांकडून ऐकले असणार. १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून पुरे झाले, तेव्हाही एखाद्या म्हाताऱ्याने पायरीवर बसता बसता शेजाऱ्याच्या कानात हेच सांगितले असेल. म्हणून मी या वाक्याकडे फारसे लक्ष देत नसे. म्हाताऱ्यांनी गोडी गेली म्हणावे, हा त्यांचा हक्कच आहे. परंतु हल्ली हे वाक्य विशीतल्या पोरांच्या तोंडून ऐकू येऊ लागले आहे, आणि तेव्हापासून मी जरा सावध झालो आहे.

माझे लहानसे वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत आहे. कोल्हापुराहून पुण्याच्या रस्त्याला लागून पंचगंगा ओलांडली की पुलाची शिरोली येते, आणि तिच्या अंगाला ही कारखान्यांची वस्ती पसरलेली आहे. येथे बीड वितळते, वाळूच्या साच्यात ओतले जाते, आणि मोटारींचे नि पंपांचे भाग होऊन बाहेर पडते. रस्त्याच्या कडेला चहाचे गाडे आहेत. पाळी बदलताना या गाड्यांवर जगातल्या यच्चयावत प्रश्नांचा निकाल लागतो. राजकारणाला पाच मिनिटे पुरतात. कुस्तीला मात्र अर्धा तासही पुरत नाही.

२०२३ च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. ही स्पर्धा १९६१ पासून चालत आलेली आहे. आता तिचे दोन विभाग असतात, एक मातीचा आणि एक गादीचा. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. त्या वर्षी शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना मिनिटभराच्या आत चितपट केले. इतका स्वच्छ निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी गाड्यावर त्याचाच गजर व्हायला हवा होता. पण मी चहाला गेलो तो जो तो हातातल्या मोबाईलवर भलतीच कुस्ती पाहत होता. माती विभागात सिकंदर शेख यांच्यावर गायकवाडांनी बाहेरील टांग लावली, तिला पंचांनी चार गुण दिले. ते चार गुण खरे की खोटे, एवढाच प्रश्न सर्वांपुढे होता. तोच तुकडा पुढे, मागे, सावकाश, पुन्हा सावकाश असा फिरत होता. जितक्या वेळा पाहावा तितकी मते वाढत होती. चहा संपला, भोंगा झाला, पण निकाल लागला नाही. आणि ज्याने गदा जिंकली त्याचे नाव त्या अर्ध्या तासात एकदाही कोणी घेतले नाही.

माझ्या मनात आले, की ही कुस्ती तर मातीवर झाली होती. मग तिचा निकाल मातीने का दिला नाही?

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले, आणि परत आल्यावर तशा धर्तीवर खासबागेचे मैदान बांधवून घेतले. मध्ये खोलगट भागात हौदा, आणि चोहोबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. हे मैदान मी कितीदा तरी पाहिले आहे, पण त्याचा खरा अर्थ मला त्या चहाच्या गाड्यावर कळला. हजारो माणसांना एकाच वेळी पंच करून ठेवण्याची ती युक्ती आहे. पैलवान उठून उभा राहिला की त्याच्या पाठीकडे पाहायचे. तांबडी माती लागली असेल तर विषय संपला. हरलेल्यालाही ते ठाऊक असते, म्हणून तो मुकाट्याने फेटा उचलून चालू लागतो. आमच्या भाषेने ‘अस्मान दाखवणे’ हा शब्द उगीच नाही घडवला. ज्याला आभाळ दिसले, त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

आमच्या धंद्यातही असेच आहे. वाळूत मुरलेला साचा फोडला, की बीड आपण होऊन खरे बोलते. पोटात हवा राहिली असेल तर भोक दिसते, आणि मग ओतणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी माल भंगारातच जातो.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने होते असा मात्र नव्हे. मातीवरच्या कुस्त्या तास-तास खडाखडीत जात, आणि शेवटी बरोबरीत सोडवल्या की लोक शिव्या देत घरी जात. ‘नुरा कुस्ती’ हा शब्दही याच मातीतला आहे. तो राजकारणाने आपल्याकडून नंतर उसना नेला. शिवाय जगाची कुस्ती गादीवर चालते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते मातीत वाढलेले पैलवान म्हणून, आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिले. ते गादीवरच, आणि गुणांच्याच हिशेबाने. त्यानंतर कुस्तीत देशाला पुढचे पदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. तेव्हा गादीला नावे ठेवणाऱ्याने हे आकडे आधी गिळावेत. आणखी एक गंमत सांगतो. २०२२ साली साताऱ्यात आमच्या पन्हाळ्याकडच्या पृथ्वीराज पाटील यांनी गदा जिंकली. दोन दशकांनी ती कोल्हापूरला आली, आणि आली ती गुणांवर. त्या दिवशी शिरोलीच्या एकाही गाड्यावर गुणांच्या पद्धतीबद्दल कोणाचा आक्षेप नव्हता!

तेव्हा दोष गादीचा नाही, गुणांचाही नाही. निकाल लागल्यावर तो दोघांनी आणि पाहणाऱ्यांनी मानायचा असतो. ते मानणे सुटले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला तर चितपटीवरच वाद झाला. खांदे टेकले की नाहीत यावरून प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेले. अंतिम कुस्तीत दुसरा मल्ल मैदान सोडून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा उचलली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती लाथ. प्रत्येक हातात कॅमेरा आला, तसे सगळ्यांना स्वच्छ दिसू लागेल असे वाटले होते. झाले असे, की प्रत्येकाला आपापले दिसू लागले.

त्यातच गदा एक राहिली नाही. कुस्तीगीरांच्या संघटनेत फूट पडली, आणि २०२३ च्या एकाच नोव्हेंबरात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवले. पुढे थोड्याच दिवसांत धाराशिवला तेच राक्षे जिंकले. म्हणजे एकच माणूस एका महिन्यात महाराष्ट्र केसरी झालाही आणि झाला नाहीही. जानेवारीतली गदा धरली तर त्या एका सालात तीन गदा वाटल्या गेल्या. सिंह एका रानात एकच असतो, म्हणून त्याला केसरी म्हणायचे. दोन झाले की त्यांना आपण फार तर कळप म्हणू.

आमच्या शेजारच्या फाउंड्रीत साचे भरणारा एक पोरगा आहे. पहाटे तालमीत, दुपारनंतर दुसऱ्या पाळीला. पगाराचा बराचसा भाग दूध, तूप आणि बदाम यांतच जातो. घरचे म्हणतात, हे पुरे कर आता. तो म्हणतो, एकदा गदा मिळाली की नोकरीची ददात मिटेल. त्याच्या डोळ्यांपुढे नरसिंग यादव आणि विजय चौधरी आहेत. दोघांनीही लागोपाठ तीनदा गदा जिंकली, आणि दोघेही पोलिसात उपअधीक्षक झाले. गोडी गेली की राहिली, हा माझ्यासारख्याला चहाबरोबर चघळायचा विषय आहे. त्या पोराच्या मात्र ऐन उमेदीची वर्षे त्यावर लागलेली आहेत.

तरीही गोडी संपली असे माझ्याने म्हणवत नाही. गावोगावच्या यात्रांतली मैदाने मी पाहतो. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते; नाकातला शेंबूडही न पुसलेली पोरे शड्डू ठोकून उतरतात; हलगी कडाडते; बायका गच्चीवरून वाकून पाहतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकल्या, आणि त्या गच्चीवरच्या बायकांच्या लेकी आता हौद्यात उतरू लागल्या आहेत. यात्रेत कोणाची पाठ लागली हे मोबाईल उघडून पाहावे लागत नाही. सारा गाव पाहत असतो, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दुकानात, एसटीत तेच बोलले जाते. गोडीने फक्त बिऱ्हाड बदलले आहे. मोठ्या घरात भाऊबंदकी माजली, की म्हातारी आपले गाठोडे उचलून खेड्यातल्या लेकीकडे जाऊन राहते, तसे काहीसे.

आमच्या फाटकावरचा रखवालदार जुना पैलवान आहे; कानांच्या पाळ्या चेंदून बिब्ब्यासारख्या झालेल्या. २०२३ च्या त्या दुहेरी नोव्हेंबरनंतर एके संध्याकाळी तो पोरगा त्याच्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, “वस्ताद, समजा मी जिंकलो, तर कुठली गदा खरी म्हणायची?”

वस्तादाने बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, “लेका, आदी पाट लावून तर ये कुनाची. गदेचं मागनं बगू.”

पोरगा हसला आणि पाळीवर गेला. तो आत गेल्यावर म्हातारा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “मालक, त्यानं इचारलं ते खरंच हाय की वो.”