आजीचं बोट आणि सात मिनिटं

खामगाव

चि. छोटीस,


तुझा पुण्यातल्या स्टँड-अपचा सात मिनिटांचा व्हिडिओ तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा मामा म्हणून पाहिला आणि ऊर भरून आला. दुसऱ्यांदा लोक कुठे हसले तेवढंच ऐकत बसलो. तिसऱ्यांदा वही घेऊन लिहून काढलं, कारण दोन ठिकाणी मला काही खटकलं होतं आणि ते तुला नीट सांगायचं होतं.

आजी बँकेत जाते, तो प्रसंग. "मले काईच समजून नाई राह्यलं बाप्पा" असं तू आजीच्या आवाजात म्हणालीस आणि सगळी खोली हसली. छोटे, त्या वाक्यात विनोद नाही. इकडे घाटाखाली दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी तसं म्हणतं. लोक हसले ते 'मले' या शब्दाला. पुढे अंगठ्याचं यंत्र आजीचा ठसा घेत नाही, तेव्हा आजी विचारते, "माहं बोट काय कापसासंग जिनात गेलं?" हे खरं सोनं आहे. साठ वर्षं कापूस वेचून बोटांवरच्या रेघा झिजल्या, हे सगळं त्या एका ओळीत आलं आहे. तिथे तीनच माणसं हसली, आणि तू घाबरून पुढच्या ओळीवर उडी मारलीस. त्या तिघांसाठी थांबायला हवं होतं.

कार्यक्रम ठरवणाऱ्याने तुला सांगितलं म्हणे, की गावाकडची भाषा अजून वाढव, ती चालते. वाढवू नकोस. भाषा वाढवली की ती कुणाचीच राहत नाही. आपल्या एका बुलढाणा जिल्ह्यात खामगाव-जळगाव जामोदची बोली वेगळी आणि घाट चढून चिखली-देऊळगाव राजाकडे गेलं की वेगळी. तिकडे मराठवाड्याचा वारा लागतो. आजी 'डोळा' म्हणत नाही, 'डोया' म्हणते. हे जसं आहे तसं बोललीस तरच ती आजी आहे. वाढवलंस तर ते सोंग, आणि फार तर दोन वर्षं चालेल.

लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तू आठवून पाहा. तिथलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटा ५२ माणसं उभी करायचा, हातात एक उपरणं घेऊन. उपरणं डोक्यावर आलं की बाई, खांद्यावर गेलं की म्हातारा. २००९ मध्ये ते गेले, तोवर जवळपास तीस वर्षं तोच प्रयोग करत राहिले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मला त्या नोंदीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. विमानात बावरलेली ती माणसं आपल्याला बावळट वाटत नाहीत. देशपांड्यांनी त्या प्रत्येकाला स्वतःची अक्कल दिली होती. तीस वर्षं एक प्रयोग टिकतो तो याच्यावर.

आणि अमरावतीचे भारत गणेशपुरे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रभर घराघरांत रोजची वऱ्हाडी ऐकू येऊ लागली. त्याआधी त्यांची मुंबईतली कितीतरी वर्षं लहानसहान भूमिकांत गेली. त्यांचं काम पाहताना एक बघ: ते आवाज चढवत नाहीत. तोंडावरची रेघ हलत नाही, वाक्य सावकाश येतं, आणि समोरचा शहाणा माणूसच गोंधळतो. आमच्या लहानपणी हिंदी-मराठी सिनेमात ही बोली आली तर गड्याच्या नाही तर हवालदाराच्या तोंडी यायची. ती गणेशपुऱ्यांच्या सरपंचाच्या तोंडी आली, ठामपणे आली, याचा मला आजही आनंद आहे.

तू लिहितेस, की आपल्याकडे स्टँड-अपची परंपराच नाही, सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं. हे मला मुळीच पटत नाही. गाडगेबाबा काय करत होते? शेंडगावचा एक माणूस, हातात खराटा, समोर हजारो लोक, आणि सगळं कीर्तन प्रश्नोत्तरांवर. आधी प्रश्न, मग लोकांचं उत्तर, मग त्या उत्तरातूनच असा प्रश्न की उत्तर देणारा स्वतःशीच हसायचा आणि घरी जाऊन नवसाचं बकरं कापायचं की नाही याचा विचार करायचा. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात, त्या तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून ऐकल्या आहेत. सावकार, पाटील, पाऊस, सरकार, कुणालाच सोडत नाहीत, आणि समोरच्याने लगेच उलटी झडती टाकायची. माईक नाही, तिकीट नाही. पण जमली नाही तर गाव वर्षभर आठवण काढतं.

आपल्या बुलढाण्याचे रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' तू अजून वाचली नसशील तर आधी ती वाच. प्रौढ साक्षरतेची मोहीम कागदावर कशी पार पडते, याची ती कादंबरी. लेखक स्वतः शिक्षक, त्यामुळे तक्ते, अहवाल, भेटीला येणारे साहेब, सगळं आतून माहीत असलेलं. २००९ मध्ये पुरुषोत्तम बेर्ड्यांनी त्यावर सिनेमा केला. त्यात हसू कशातून येतं ते तपास. निरक्षर माणसाच्या बोलण्यातून येत नाही, ते त्याला साक्षर ठरवणाऱ्या कागदातून येतं. तुझ्या बँकेच्या प्रसंगातही दोष यंत्राचा आहे, आजीचा नाही. मग हसू यंत्राकडे वळव. आजीला शेवटची ओळ दे आणि तिथेच थांब.

खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' ही कादंबरीही कपाटात आहे. वऱ्हाडीत एक माणूस अख्खं पुस्तकभर बोलू शकतो का, ही शंका असेल तर ती घेऊन जा.

पैशाचं म्हणशील तर सध्या नोकरी सोडू नकोस. आठवड्याला दोन प्रयोग मिळतात तेवढे कर, प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि कुठे हसले ते लिहून ठेव. सिनेमा-मालिकेतून बोलावणं आलं तर जा, पण मोलकरणीचं काम असेल आणि कारण फक्त तुझी बोली असेल, तर नाही म्हण. घरभाड्याची अडचण आली तर मला कळव, लाजू नकोस.

आजीला व्हिडिओ अजून दाखवलेला नाही. ती रोज विचारते, "पोट्टी माह्याबद्दल काय सांगते लोकाइले?" ते तूच तिच्यासमोर म्हणून दाखव. जी ओळ तिच्या तोंडावर म्हणता येणार नाही, ती पुण्यातही म्हणू नकोस.

पोळ्याला ये. शेगावला उतर, मी गाडी घेऊन येतो.

तुझा,
मामा