काळजाचा तुकडा

शेजाऱ्याजवळ काय मागावें व काय मागूं नये, याविषयीं आमचे विचार बाळपणापासून ठाम होते. विरजण मागावें, शिडी मागावी, फार तर वर्तमानपत्र मागावें. छत्री आणि पैसे मागूं नयेत. या यादींत यकृत कोठें बसवावें, हा प्रश्न आमच्यापुढें कधीं येईल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. गेल्या आषाढांत मात्र डॉक्टरांनीं आमचे कागद मिटून ठेवले आणि अत्यंत सौम्य स्वरांत विचारलें, "घरांत देणारं कोणी आहे का?"

आमचें यकृत आंतून वाळून, गांठाळून गेलें आहे. यकृताचा विकार म्हणतांच ऐकणाराची नजर आमच्या पेल्याकडे वळते, म्हणून येथेंच सांगून टाकतों कीं, चहावांचून दुसरें पेय आमच्या वाट्यास आलें नाहीं. मधुमेह आणि यकृतांत सांचलेली चरबी यांनीं वीस वर्षें निमूटपणें केलेलें हें काम आहे. जलोदराचें पाणी सुईनें काढतात. तें पुन्हां भरतें. मधून मधून बुद्धीवर धुकें उतरतें. यकृतानें रक्त नीट गाळलें नाहीं कीं त्यांतील विष मेंदूपर्यंत जातें. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही रोज सकाळीं एका वहींत आपली सही करतों. सही वांकडी आली कीं सौभाग्यवती औषधाची बाटली घेऊन उभी राहते. रक्ताच्या तपासणीवरून रोग्याची निकड 6 पासून 40 पर्यंत मोजतात. आमची निकड 24 आहे. अधिक गुण मिळाल्यास घरांत रडारड व्हावी, अशी ही आमच्या आयुष्यांतील पहिलीच परीक्षा.

मेंदू मृत झालेल्या माणसाच्या आप्तांनीं उदार होऊन संमति दिली, तर तें यकृत यादीप्रमाणें मिळतें. त्या यादींत आमचेंहि नांव आहे. पण यादी लांब, दाते थोडे. येथें एक गोष्ट कबूल करावयास हवी. घाटांत मोटार उलटल्याची बातमी वाचतांना पूर्वीं आम्ही हळहळत असूं. एके सकाळीं तशीच बातमी वाचतांना आमची दृष्टि 'डोक्याला मार' या शब्दांवर थांबली, आणि जखमींना कोणत्या इस्पितळांत नेलें हें ती शोधूं लागली. आम्ही वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. त्या दिवसापासून सौभाग्यवती तें मोठ्यानें वाचून दाखविते आणि कांहीं बातम्या गाळते. आम्हांला तें कळतें, हें तिलाहि ठाऊक आहे.

जिवंत दात्याचा मार्ग 1994 च्या कायद्यानें आंखून दिला आहे. आईबाप, मुलें, भावंडें, पति-पत्नी हे जवळचे. 2011 च्या दुरुस्तीनें आजा-आजी व नातवंडेंहि त्यांत आलीं. इतर कोणास द्यावयाचें असल्यास प्रेमावांचून दुसरें कारण नाहीं, हें समितीपुढें पटवावें लागतें. पैसे घेऊन देणें हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. सौभाग्यवतीचा रक्तगट जुळेना. अशाच न जुळणाऱ्या दुसऱ्या जोडप्याशीं अदलाबदल करण्याची मुभा कायदा देतो. पण तिचें वय आणि रक्तदाब आड आले.

मग धाकटे बंधु आपण होऊन पुढें आले. तपासण्या झाल्या. शेवटीं डॉक्टर त्यांच्याशीं एकांतांत बोलले, आणि नंतर आम्हांला कळविण्यांत आलें कीं, ते दाते म्हणून योग्य नाहींत. कारण विचारतां 'वैद्यकीय' एवढेंच उत्तर मिळालें. पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, ज्या दात्याचें मन मागें सरतें त्याला घरच्यांसमोर मान खालीं घालावी लागूं नये म्हणून डॉक्टर असें मोघम कारण पुढें करतात. आमच्या बंधूंचें कारण खरें कीं दिलेलें, हें आम्ही विचारलें नाहीं. त्यांच्या घरांत शिकणारीं दोन मुलें आहेत. त्या संध्याकाळीं ते सीताफळें घेऊन आले आणि तासभर विहिरीवरच्या पंपाविषयीं बोलले. सीताफळें गोड होतीं. मधुमेहामुळें आम्ही एकच खाल्लें.

कन्येचें नांव आम्ही डॉक्टरांना सांगितलेंच नव्हतें. ती सव्वीस वर्षांची आहे. तिनेंच त्यांना गांठलें. रक्तगट जुळला. यकृताचा उजवा भाग, म्हणजे सुमारें 60 टक्के, काढून घेतात. उरलेला कांहीं आठवड्यांतच वाढून बराचसा भरून येतो. मग भय कसलें, असें लोक विचारतात. उजवा भाग देणाऱ्या हजारांमागें दोन ते पांच दगावतात, असें डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें. आमच्या निकडीपुढें हा आंकडा क्षुल्लक आहे. बापाच्या हिशेबांत तो क्षुल्लक होत नाहीं.

मराठींत काळीज म्हणजे यकृतच. अपत्याला काळजाचा तुकडा म्हणणाऱ्या पूर्वजांनीं तो कोणी कोणाला द्यावयाचा हें जणूं ठरवूनच ठेवलें होतें. 1989 सालीं ब्रिस्बेन येथें जिवंत दात्याच्या यकृतभागाचें पहिलें यशस्वी रोपण झालें, तें आईनें लहानग्या मुलाला दिलेलें. आपल्याकडे 1998 सालीं दिल्लींत बापानें बालकाला दिलें. पाणी उताराकडे वाहत होतें. आमच्या घरीं तें चढावर न्यावयाचें आहे. आम्ही तिला तसें म्हणालोंहि. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी मला एकटीला बसवून दोनदा विचारलं, कुणाचा आग्रह आहे का. मी सांगितलं, आहे. पण देऊं नको असा आहे."

तिच्याहि यकृतांत थोडी चरबी निघाली, बापाचा वारसा! सहा आठवडे भात, गोड, तळलेलें बंद आणि पहाटे पांचाला चालणें, असें ठरलें आहे. धाकटे बंधु रोज सायकलवरून येतात व तिच्याबरोबर चालतात. कां येतात, हेंहि कोणी विचारीत नाहीं. आम्ही खिडकीशीं वही घेऊन बसतों. कोपऱ्यावरच्या पिंपळाला वळसा घालून दोघें दिसेनाशीं झालीं, कीं सही करावयास घेतों. आज शेवटलें अक्षर थोडें खालीं उतरलें आहे. त्यांची पुढली फेरी येईपर्यंत पुन्हां एकदां करून पाहतों.