ग्रहण
अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होते. खग्रास अवस्था सुमारे ८२ मिनिटांची. आम्ही दोघे प्राध्यापक-मित्र छायाचित्रासाठी सज्ज: एक जळगावी मेहरूण तलावाकाठी, दुसरा धुळ्यात गच्चीवर. दोन्हीकडे भाद्रपदातले ढग. साडेअकराच्या सुमारास धुळ्यात आभाळ किंचित उघडले. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेल्या तांबूस उजेडातला चंद्र दिसला; पण त्या अंधुक बिंबासाठी शटर जितका वेळ उघडे राहायला हवे, तितकी उसंत ढगांनी दिली नाही. जळगावी तर चंद्रच नाही. तिथे वेध पाळून घरात बसलेल्या आईंना छायाचित्र हवे होते. त्यांना धुळ्याहून फोनवर वर्णन ऐकवले: राखेखालच्या निखाऱ्यासारखा. त्या म्हणाल्या, “दिसला.” ‘ग्रहण’ म्हणजे घेणे, ते शब्दांतूनही घडते, एवढे आम्हांला त्या रात्री पटले.