एक लिटर म्हणजे एक किलो?

मुलांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिला ‘कसाफत’ म्हणतात, तिला मराठीत घनता म्हणतात. ‘कमीयत’ म्हणजे वस्तुमान आणि ‘हजम’ म्हणजे आकारमान. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. हे सूत्र तुम्हांला पाठ असेलच. आमच्या परळच्या चाळीत या सूत्राने एका दुकानदाराची अब्रू वाचवली, ती हकिकत ऐका.

रमजान जवळ आला होता. अम्मीने आणि शेजारच्या काकूंनी लालबागच्या एकाच दुकानातून तेलाच्या पिशव्या आणल्या. पिशवीवर ‘१ लिटर’ असे छापले होते. काकूंनी घरच्या काट्यावर पिशवी ठेवली, तर ती ९१५ ग्रॅम भरली. काकू संतापल्या. “भाभी, एवढ्या वर्षांचा दुकानदार, आणि तेल कमी देतो! उद्यापासून त्याची पायरी चढायची नाही.” संध्याकाळपर्यंत ही बातमी तिन्ही मजल्यांवर पोहोचली. चाळीत बातमीला जिना लागत नाही!

दुसऱ्या दिवशी मी थोडे तेल शाळेत नेले. रिकाम्या मोजपात्राचे वजन केले, मग त्यात बरोबर १०० मिलिलिटर तेल ओतून पुन्हा वजन केले. वजनातला फरक ९१ ग्रॅम आला. ९१ भागिले १००, म्हणजे घनता ०.९१ ग्रॅम प्रति मिलिलिटर. आता १००० मिलिलिटर तेलाचे वस्तुमान किती? ९१० ग्रॅम! वरचे ५ ग्रॅम पिशवीचे. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरते; तेल पाण्याहून हलके, म्हणून तर ते पाण्यावर तरंगते. दुकानदाराने एक थेंबही कमी दिला नव्हता. मी काकूंना हिशेब दाखवला. त्यांनी तो दोनदा करायला लावला, मग त्या स्वतःच वर-खाली जाऊन सर्वांना सांगून आल्या.

पण सगळेच छापील आकडे असे सरळ नसतात. तेल तापले की प्रसरण पावते. वस्तुमान तेवढेच राहते, घनता मात्र घटते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही कंपन्या पिशवीवर ६० अंश तापमान छापून कमी वजनाचे तेल ‘एक लिटर’ म्हणून विकत. कोणाच्या स्वयंपाकघरात तेल ६० अंशांवर ठेवलेले असते? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न लिहिता आकारमान छापण्यास आणि त्याबरोबर वस्तुमानही देण्यास सांगितले.

लग्नकार्यासाठी तेलाचा मोठा डबा आणाल, तेव्हा तो १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, हे वाचा. १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असते. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी असतात आणि लांबून सारखेच दिसतात.