आडेल्सरीडचा थांबा

शेगडी आणि बिछाने पोटात घेऊन धावणारी आमची कॅम्परव्हॅन उल्म शहर मागे टाकताच ए-८ महामार्गावर थबकली. त्या दिवशी आईची पुण्यतिथी. बव्हेरियातील आल्टोटिंग या तीर्थक्षेत्री, काळ्या मरियामातेच्या सान्निध्यात, सायंकाळच्या मिस्साला बसावे असा आमचा संकल्प होता. दोन तास चाके हलली नाहीत. या रस्त्यांच्या वेगाच्या कथा जगभर ऐकवल्या जातात. ‘श्टाऊ’, म्हणजे वाहनांचा तुंबारा, हा शब्दही तेथे तितकाच नित्याचा आहे, हे प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते!

मन लागले ते एका शिस्तीकडे. गती मंदावताच डाव्या मार्गिकेतील वाहने अगदी डावीकडे आणि उरलेल्या दोन्ही मार्गिकांतील उजवीकडे सरकली. मधोमध मोकळी वाट उरली. कायद्यानेच ती ठेवावी लागते. थोड्या वेळाने तिच्यातून दोन रुग्णवाहिका गेल्या, आणि आमची कुरकुर थांबली. पुढे कोणीतरी घायाळ होऊन पडले होते. आम्ही रोझरी काढली.

रस्ता खुला झाला तेव्हा मिस्साची वेळ टळली होती. ऑग्सबुर्गच्या अलीकडे आडेल्सरीड येथे जर्मनीतील पहिले महामार्ग-चर्च आहे. १९५८ साली उभारलेले, प्रवाशांचे रक्षण करणाऱ्या मरियेला वाहिलेले. आज त्या देशात अशी ४०हून अधिक चर्चे आहेत. आत एक ट्रकचालक एकटाच बसला होता. पंथ कोणता, कोण जाणे. आम्ही दोन मेणबत्त्या लावल्या. एक आईसाठी, दुसरी त्या अनोळखी जखमींसाठी.