हॉर्नबीमची खरड छाटणी

बोन्साय म्हटलं की लोकांना आधी कात्री आठवते. "झाडांना छळता तुम्ही," हेही बऱ्याचदा ऐकून झालंय :-) खरं म्हणजे माझ्या हॉर्नबीमला गेलं अख्खं वर्ष मी हात लावला नव्हता. लावला तो यंदा फेब्रुवारीत. आता कुंडीत मनगटाएवढं खोड आणि बोटभर लांबीचे सात-आठ खुंट एवढंच उरलंय. फोटो टाकण्यासारखं काही नाही.

आमच्या नाशिककडे द्राक्षबागेत एप्रिलमध्ये करतात तशीच ही खरड छाटणी. तिकडे ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, एप्रिलची नव्या काडीसाठी. माझ्या झाडाच्या फांद्या लांबच लांब गेल्या होत्या, पानं फक्त टोकांना, आतली बाजू ओकीबोकी. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो आणि जुन्या सालीखाली निजलेले डोळे फुटतात. सगळ्या झाडांना हे जमत नाही. पाइनची बिनपानांची जुनी फांदी सहसा फुटत नाही. हॉर्नबीम फुटतो.

इंग्लंडमधल्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंडनच्या ईशान्येला एपिंगचं जंगल आहे. तिथले गावकरी सरपणासाठी हॉर्नबीमच्या फांद्या डोक्याच्या वरच्या उंचीवर तोडायचे, म्हणजे नवी पालवी गुरांच्या आणि हरणांच्या तोंडी लागत नसे. काही वर्षांनी पुन्हा तोड, पुन्हा फूट. १८७८च्या कायद्यानं जंगल वाचलं, पण तोडीचा हक्क गेला. त्याची भरपाई म्हणून लाउटन गावाला १८८४ साली लॉपिंग हॉल मिळाला. तोड थांबल्यावर फांद्या वाढतच गेल्या, आणि त्यांच्या वजनानं काही जुनी झाडं फाटतात.

म्हणजे कापणं वाईट नाही. पण कधी कापायचं आणि कापल्यावर काय करायचं नाही, हे महत्त्वाचं. नवी फूट येते ती मुळांत आणि खोडात साठवलेल्या अन्नावर, आणि तो साठा आदल्या उन्हाळ्यात पानांनी भरलेला असतो. म्हणून आधी वर्षभर झाड मोकळं वाढू द्यायचं. अशक्त झाडाची खरड छाटणी करत नाहीत. छाटणीनंतर मोठ्या जखमांना लेप, बेताचं पाणी, कडक थंडीपासून आडोसा. कळ्या उमलेपर्यंत खत नाही. फूट आली तरी उन्हाळ्यापर्यंत कात्री नाही. आणि मी काटेकोर पाळतो तो नियम म्हणजे, ज्या वर्षी खरड छाटणी, त्या वर्षी कुंडी बदलायची नाही. वरची पानं नाहीत आणि खाली मुळंही तोडली, तर झाडानं उभं राहायचं कशाच्या जोरावर?

आता थोडं घरचं. बाबा दिवाळीत गेले. तेव्हापासून काका, मामा, आत्या, सगळ्यांचा फोनवर एकच प्रश्न असतो: आईला पुण्याला ताईकडे कधी हलवायचं, बाग कधी विकायची. काळजीपोटीच विचारता, माहीत आहे मला. पण गेल्या रविवारी आईचा फोन आला. यंदाच्या खरड छाटणीसाठी तिनं मजूर ठरवलेत. शेजारच्या बागेपेक्षा दहा रुपये कमी दरानं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. आवाजात बऱ्याच दिवसांनी जरा धार होती.

झाड आणि माणूस एक नाही, कबूल. तरीही ताईचं आणि माझं ठरलंय की या वर्षी आईला घरातून हलवायचं नाही. बागेचाही विषय काढायचा नाही. ताई दर पंधरा दिवसांनी जाईल, मी मेमध्ये महिनाभर येतोय. पुढचं पुढच्या वर्षी, तेही आईला विचारून.

सगळ्यांना वेगवेगळे फोन करण्यापेक्षा इथेच लिहून टाकलं. हॉर्नबीमचं म्हणाल, तर एप्रिलमध्ये कळेल.